हाव म्हटलं की थांबणारी घोडी

जलील शेख कोण, असं चाकुरात विचारलं असतं तर लोकांनी डोकं खाजवलं असतं. जलील चाबुकस्वार म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा त्याच्या दारापर्यंत आणून सोडायचं. चाबुकस्वार म्हणजे घोड्याला माणसाळवून चाल शिकवणारा. गंमत अशी, की या चाबुकस्वाराच्या हातात चाबूक मी कधी पाहिला नाही. बापाच्या वेळचा एक होता घरात, त्यानं त्याची बायको दिलशाद गाद्या झोडपायची.

मी तिथल्या शाळेवर मास्तर होतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून भाड्यानं राहायचो. मधली भिंत इतकी बुटकी, की पलीकडचं ऐकायला कान द्यावा लागत नसे, ऐकू नये म्हणून झाकावा लागे. मी तो झाकला नाही. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या भिंतीवरून आलेलं आहे.

जलीलभाईचा बाप उदगीरच्या एका जहागीरदाराकडे घोडी सांभाळणारा सईस होता. निजामाचं राज्य गेलं, जहागीर गेली, पागा गेली. बापानं घोडी घासायचा खरारा तेवढा उचलून आणला आणि पोराच्या हातात दिला. पोरगा आधी उदगीर-लातूरच्या टांग्यांची घोडी घडवू लागला. मग बाजारोबाजार कापड नेणाऱ्यांची तट्टं. मग ऑटो आले, गावोगावी एसटी आली, आणि घोड्याचं काम उरलं एकच, ते म्हणजे परण्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. आमच्याकडे आयुष्यभर गाढवावरही न बसलेला माणूस त्या एका संध्याकाळी घोडेस्वार होतो. तो पडू नये ही जबाबदारी त्याची नसते, घोडीची असते. म्हणजे जलीलभाईची.

त्याचं शिकवणं पाहायला मी रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या ओढ्यात जायचो. शिकवणं कसलं, आधी कितीतरी दिवस तो नव्या जनावराबरोबर नुसता चालायचा, दोघं बाजाराला निघाल्यासारखे. मग एक दिवस पाठीवर हात ठेवायचा. मग रिकामं पोतं. मग त्या पोत्यात वाळू, आज एक ओंजळ, उद्या दोन. मग लांब दोर धरून वाळूत गोल फिरवायचा, त्याला ते लोक कावा म्हणतात. एखाद्या दिवशी जनावर उलट्या अंगानंही तितकंच सरळ वळलं, की तो गालातल्या गालात हसायचा आणि त्या दिवसाचं काम तिथंच थांबवायचा. "आज लई झालं," म्हणायचा. मला वाटायचं, एवढ्यात? पण दुसऱ्या दिवशी ते घोडं स्वतःहून वाळूकडे ओढ घ्यायचं.

इतर चाबुकस्वार घोडं हाती येत नसेल तर रिकामा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, दाखवून जवळ बोलवतात. चंदी मिळेल म्हणून जनावर येतं, आणि आलं की गळ्यात दावं पडतं. जलीलभाई ते करत नसे. भर उन्हात शेतभर त्याच्यामागे फिरेल, पण रिकामा तोबरा दाखवणार नाही.

"जनावराला फसवायचं न्हाई, मास्तर," तो म्हणायचा. "एकडाव फसवलं का ते आपलं ऐकतंय, पन मानत न्हाई."

"आणि बायकोला?" भिंतीपलीकडून दिलशादभाभी विचारायच्या.

"तिला फसवायचा घास आपला न्हाई."

मेहताबला त्यानं माळेगावच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणलं, तेव्हा ती शिंगरू होती. नुसत्या बरगड्या आणि डोळे. रंग तांबूस-काळा, कपाळावर पांढरा चांदवा, म्हणून मेहताब. गावानं तिची लगेच म्हैताब केली. यांना मूलबाळ नव्हतं. भाभींनी तिला ताकात भिजवलेली भाकरी चारली, हिवाळ्यात पाठीवर गोधडी टाकली. जलीलभाई कुरकुरायचा, घोडीची म्हैस करू नको म्हणून. पण गोधडी घसरली की पुन्हा वर ओढायचा तोच.

घोडी घडली मात्र अशी, की मीही चढलो. "मास्तर, पाटावर जेवाया बसल्यावानी बसू नका. मांड आवळा," जलीलभाई ओरडायचा. पहिल्या दिवशी मी तिच्या मानेला मिठी मारून ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर गेलो, आणि उतरताना तिच्या पायाशी बसलो. महिन्याभरात मान सोडली, मग लगामही सैल धरता आला. दुडक्या चालीनं आतडी ढवळून निघायची, पण त्यापुढे तिची रवाल चाल लागली की खाली घोडी आहे हे विसरायला व्हायचं. जलीलभाई त्या चालीत तळहातावर चहानं भरलेली कपबशी ठेवायचा आणि ओढ्याच्या वळणापर्यंत जाऊन यायचा. चहा बशीत उतरला नाही, की तो तिथंच वर बसून प्यायचा. एवढा सुखी माणूस मी चाकुरात दुसरा पाहिला नाही.

मग ब्याऐंशी साल आलं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे होतो, म्हणजे कचेरीचं काम निघालं की दोन दिवसांची भाकरी बांधून निघायचं. आता जिल्हा दाराशी आला म्हणून लोकांनी पेढे वाटले, फटाके उडवले. पोळा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. जणू नव्या जिल्ह्याचा पत्ताच त्याला कुणी दिला नव्हता. ज्वारी हातभर वाढून वाळली, ओढा कोरडा पडला, आडांना तळ दिसले. लोक लातूरला जाऊन विचारून यायचे. पाण्याचा टँकर मिळंल का? हाव, म्हणजे इथल्या बोलीत हो. जनावरांना चारा मिळंल का? हाव. कामं निघतील का? हाव, हाव. येणारा प्रत्येक जण एक हाव घेऊन यायचा आणि घागर तशीच कोरडी असायची. घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, तशी गावाची गत झाली.

जलीलभाईपुढे प्रश्न उभा राहिला तो मेहताबचा. कडबा कुणी विकायला तयार नव्हतं. अशा वेळी संगप्पा त्याच्याकडे आला. संगप्पा म्हणजे आमचा आडत दुकानदार, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोजकं. त्याच्या मळ्यातली विहीर आटली नव्हती आणि कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. त्याच्या मल्लिकार्जुनाचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं.

"भाड्याच्या घोडीवर माझा लेक परण्याला बसनार न्हाई," संगप्पा म्हणाला. "तुझी मला दे. लग्नानंतर बी माझ्याच गोठ्यात ऱ्हाईल. तू येत जा, बघत जा."

यापेक्षा चांगलं घर मेहताबला मिळणार नव्हतं. भाभींनी त्या संध्याकाळी गूळ वाटला, मला भिंतीवरून दिला.

दिवाळीतल्या पाडव्याच्या दिवशी संगप्पाच्या दारात परीक्षा ठरली. मेहताबला लाल गोंडे लावले, मल्लिकार्जुनाला वर चढवलं. मल्लिकार्जुन लातूरच्या कॉलेजात शिकलेला लाजरा पोरगा. घोडी त्याला घेऊन मारुतीपर्यंत गेली आणि रवाल चालीत परत फिरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक उभे होते. त्यांच्या तोंडून वा निघालं.

संगप्पानं ओट्यावरून विचारलं, "मल्लिकार्जुन, बरं वाटतंय का?"

"हाव, अप्पा."

मेहताब थांबली. थांबली ती थांबलीच. तिनं मान मागे वळवून नवरदेवाच्या एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"का रं, उभी ऱ्हायली?"

"हाव, उभी ऱ्हायली."

"टाच मार की!"

"हाव, मारतो."

प्रत्येक हावला घोडी त्या-त्या माणसाकडे तोंड करी. संगप्पाच्या एक शेजारीण औक्षणाचा पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाव बाई, खरंच की!" मेहताब नवरदेवासकट पायऱ्या चढली आणि तिनं तांब्यात तोंड घातलं. रस्ता हसून लोळला. मल्लिकार्जुनाचे कान लाल झाले. घोडं कुठं पेंड खातंय हे जलीलभाईला कळेना. बायकांमध्ये उभ्या असलेल्या भाभींना कळलं. त्यांनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

गोष्ट अशी होती. रोज संध्याकाळी जलीलभाई गल्लीच्या तोंडाशी आला की ओरडायचा, "मेहताब को पानी दिया क्या?" भाभी चुलीपुढे असायच्या. पाणी दिलेलं नसायचं, पण नाही म्हटलं तर बोलणी खावी लागणार. म्हणून त्या आधी "हाव" म्हणायच्या, आणि खोटं अंगाला लागू नये म्हणून त्याच पावली उठून बादली नेऊन ठेवायच्या. तो दारात येईपर्यंत हाव खरा झालेला असायचा. हे मी तीन वर्षं भिंतीवरून ऐकत होतो आणि हसत होतो. घोडीही ऐकत होती. तिच्या लेखी हाव म्हणजे होकार नव्हता, पाणी होतं. ओढ्यात हे कधी उघड झालं नाही, कारण जलीलभाई तिथं फारसं बोलत नसे आणि मी नगरकडचा, माझ्या तोंडात हो.

आणि त्या मुलखात हाव न म्हणता माणूस दहा पावलं चालू शकत नाही. हिंदू, मुसलमान, लिंगायत, देवांची नावं वेगवेगळी, हाव सगळ्यांचा एक. त्या साली तर त्याचा नुसता पूर आला होता. मला पुष्कळदा वाटायचं, सगळ्या नव्या जिल्ह्यात पाणी असलेला हाव एकच आहे आणि तो माझ्या शेजारी राहतो.

संगप्पा वाईट माणूस नव्हता. पण भर रस्त्यात लेकाचं हसं झालेलं कुणाला सोसतं? "माळेगावच्या आधी ही खोड मोड," तो म्हणाला. "मोडली तर घोडी माझी, कडबा हाय, हिरीला पानी हाय. न्हाई मोडली तर माळेगावला नेऊन इक. मला नको, अन् तुला पोसायची न्हाई."

दुष्काळात माळेगावला घोडी कोण घेतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वीटभट्टीवाले. त्यांच्याकडे गेलेलं जनावर पाठीवर विटा घेऊन उठतं आणि विटा घेऊनच बसतं. म्हणजे आता एवढंच उरलं होतं, माळेगावच्या आत मेहताबनं हावला थांबणं सोडलं तर ती संगप्पाच्या कडब्यात राहील, नाही तर भट्टीवर जाईल.

खोड मोडायची रीत सोपी होती. शब्द पोकळ करायचा. हाव म्हणायचं आणि पाणी द्यायचं नाही, पुन्हा म्हणायचं आणि पुन्हा द्यायचं नाही, घोडीनं नाद सोडीपर्यंत. पाणी पाजायचं ते दुसऱ्या वेळी, मुकाट्यानं.

त्या दिवशी भिंतीपलीकडे भांडण झालं. "तुम्हीच बोलते थे ना, जानवर को फसाना नक्को करके?" भाभी म्हणाल्या.

"तो भट्टीपे जाने दूं क्या?"

घरात एवढ्या मोठ्यानं जलीलभाई एरवी कधी ओरडत नसे.

दुसऱ्या दिवसापासून ओढ्यात हावाची शाळा भरली. जलीलभाई मेहताबला गोल फिरवायचा आणि मधूनच म्हणायचा, हाव. ती थांबायची, त्याच्या हाताकडे पाहायची. तो दोर हलवायचा, चल. त्यानं मलाही कामाला लावलं. नगरकडच्या जिभेला हाव जमेना, माझा तो हो आणि हावच्या मधे कुठंतरी पडायचा. जलीलभाईनं माझी जीभही घोडीसारखीच वळवून घेतली. बाजाराहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो थांबवायचा, "भाऊ, जरा हाव म्हना." लोक हसत म्हणायचे. आधी ती प्रत्येकाला थांबली. मग थांबायला वेळ लावू लागली. मग पाऊल न थांबता नुसती मान वळायची, मग नुसता कान. शिकवण्यातला असा उतार मी आधी पाहिला होता आणि दर वेळी त्याच्या तोंडावर हसू पाहिलं होतं. या वेळी ते नव्हतं. काम मात्र त्यानं एक दिवसही चुकवलं नाही.

मग सगळ्या गावाचा हाव पोकळ झाला आणि एकच भरीव उरला. भाभींचा. भाभी कुठंही, कुणाशीही हाव म्हणाल्या की मेहताब जागच्या जागी थांबायची. परण्यात पुढे-मागे बायकांचा घोळका असतो, ओव्या असतात, भाभींचा हाव कुठून येईल सांगता येत नाही. मग एक दिवस जलीलभाईनं अंगणात रिकामी बादली आणून ठेवली आणि स्वतः बाहेर निघून गेला.

भाभी दुपारभर उंबऱ्यावर बसून होत्या. मग पाठ फिरवून म्हणाल्या, "हाव."

मेहताब आली. तिनं बादलीत तोंड घातलं, तळाला ओठ लागले, कडा चाटल्या. मान वर करून ती भाभींकडे पाहत राहिली. भाभी पुन्हा म्हणाल्या. ती पुन्हा वाकली. भाभी रडत होत्या, चांगल्या हुंदके देऊन रडत होत्या, आणि रडता रडता म्हणत होत्या, हाव, हाव. मी भिंतीपासून उठलो आणि शाळेत जाऊन बसलो. सुट्टीचा दिवस होता.

हे बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी भाभींनी हाव म्हटलं आणि मेहताबनं तोंडातला घास चघळणं थांबवलं नाही.

माळेगावची यात्रा आली आणि गेली. मेहताब गेली नाही, संगप्पाच्या गोठ्यात गेली.

फाल्गुनात परण्या निघाला. हलगी, ताशा, पुढे बायका, मागे बायका. नवरदेवाला शेला नीट करू का, हाव. उजेड पुढं घ्या, हाव. पोरं बाजूला करा, हाव हाव. प्रत्येक हावला मी घोडीच्या कानांकडे बघायचो. मेहताब चालत राहिली, मान ताठ, पाऊल एकसारखं. मारुतीपाशी मल्लिकार्जुन उतरला तेव्हा त्याच्या कपाळाचा अक्षतांचा टिळासुद्धा हलला नव्हता. गंगेत घोडं न्हालं, मी म्हणालो. त्या साली नांदेडला गंगेत, म्हणजे गोदावरीत, घोडं न्हाण्याइतकं पाणी नव्हतं, हा भाग वेगळा. संगप्पानं सगळ्यांसमोर जलीलभाईला पटका बांधला. शेजारच्या गावचे दोघे-तिघे तिथंच आपापल्या घोड्यांच्या खोडी सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं संगप्पाच्या मळ्यात जेवायला गेलो. जेवणं झाल्यावर भाभींनी संगप्पाच्या बायकोला, गौरम्माला विचारलं, "मेहताब को मैं पानी पिलाऊं?"

"पाज की भाभी, तुझीच हाय," गौरम्मा म्हणाली.

भाभींनी विहिरीतून बादली काठोकाठ भरली. गोठ्याच्या दाराशी आल्या आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या गळ्यानं म्हणाल्या, "हाव!"

मेहताबनं कानसुद्धा वळवला नाही. भाभी पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. घोडी कडबा ओढत राहिली. तेव्हा त्या आत गेल्या आणि बादली तिच्या तोंडाखाली ठेवली. मेहताबनं आधी बादलीकडे पाहिलं. नाक जवळ नेऊन हुंगलं. मग ओठ बुडवून पाहिले, खरंच पाणी आहे का ते. आणि मग तळ लागेपर्यंत प्याली.

जलीलभाई माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या डोक्यावर नवा पटका होता. त्याला वाईट वाटलं होतं आणि त्यानं ते लपवलं नाही, डोळे सरळ पटक्याच्या टोकानं पुसले.

"आता ती बी आपल्यातली झाली, मास्तर," तो म्हणाला.

भाभींनी रिकामी बादली उचलली आणि पुन्हा भरायला विहिरीकडे गेल्या. या वेळी त्या हाव म्हणाल्या नाहीत.